टाकीतले पाणी

कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी धावपट्टी बांधली होती. विमान उडायला धावपट्टी लागते, तसेच स्वच्छ पेट्रोलही लागते.

टाकी अर्धी रिकामी असली, की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतली वाफ निवते. तिचे पाणी होते. झाकण सैल असले तर पावसाचे पाणीही शिरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते तळाशी बसते. इंजिनात गेले की इंजिन बंद पडते. मोटार रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशात कडा कुठली?

म्हणून लहान विमानाचा वैमानिक दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि पेट्रोल भरल्यावर टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढतो. खाली पाण्याचे थेंब दिसले, तर ते दिसेनासे होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढतो.

पण भांड्यात सगळे पाणीच आले तर? मग वेगळा थेंब कसा दिसणार? म्हणून तो रंगही बघतो. या पेट्रोलला बहुधा निळा रंग दिलेला असतो. पाण्याला रंग नसतो.

आपल्या शेतातल्या डिझेल इंजिनाचेही असेच आहे, मंडळी. आम्ही सांगतो, टाकी वरून भरलेली दिसली तरी तळ बघावा.