खर्जाची तार कोण वाजवतो?

मिरवणुकीत पोरे ओरडतात, "बेस वाढव!" मग डब्यांच्या भिंतीतून धडधड वाढते, घराघरांत भांडी खणखणतात आणि म्हातारी माणसे छातीवर हात ठेवतात. आपल्या वस्त्यांतून 'बेस' या शब्दाचा अर्थ आज एवढाच उरला आहे. खरे पाहता बेस हे एक वाद्य आहे. ते माणूस वाजवतो, आणि ढोलकी-पेटीप्रमाणेच ते हातात यायला वर्षे लागतात. भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावातही या बेस गिटारचे वेड लागलेली पोरे आहेत. त्यांच्या आईवडिलांना मात्र मुलगा नेमके काय वाजवतो, हे सांगता येत नाही. कारण गाण्यात ते वाद्य वेगळे ऐकूच येत नाही!

आधी वाद्य समजून घेऊ. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात, बेस गिटारला बहुधा चार. तारा जाड आणि दांडी लांब; तारेचा वाजता भाग साधारण ३४ इंचांचा. नेहमीच्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर बेसची सुमारे ४१ वेळा. म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. आपल्याकडे यालाच खर्ज म्हणतात. ढोलकीची डावी बाजू घुमते ती ठेक्यासाठी, पेटी सूर देते तो गळ्यासाठी. बेसवाला या दोघांच्या मधे उभा असतो. सूरही तोच सांभाळतो, ठेकाही तोच. भिवापूरची मिरची जिभेला लगेच कळते, पण भाजीतल्या मिठाचे नाव कोणी काढत नाही. मीठ नसले म्हणजे मात्र ताट बाजूला सरते. बेसचे तसेच आहे.

हे वाद्य फार जुने नाही. पूर्वी हा सूर माणसाएवढ्या उंचीच्या, उभ्याने वाजवायच्या डबल बेसमधून निघे. ते धूड गाडीत मावत नसे, आणि ड्रमच्या आवाजात ऐकूही येत नसे. अमेरिकेतील लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९५१ साली आडवी धरायची, विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली आणि ती जगभर गेली. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! वाजवणाऱ्यांची अडचण ऐकून घ्यायची आणि हाताने तोड काढायची, एवढीच त्यांची विद्या.

तीच विद्या आपल्या पोरांतही दिसते. भिवापुरात सुटीच्या दिवशी जमलेल्या अशा चारपाच जणांची चर्चा ऐकण्यासारखी होती. कोणी उमरेडचा, कोणी पवनीचा, एक कल्याणहून सुटीवर आलेला. सर्वांत लहान पोराने विचारले, "काहून जी दादा, उन्हाळ्यात माही गिटार हाताला टोचते?" थोरला म्हणाला, "लाकूड आटते ना बापा! पितळी पट्ट्या तेवढ्याच रायते, मंग त्याइचे टोकं बाहेर येते. कानशीनं हळूहळू घासून घे." त्यावर कल्याणवाला हसला. "आमच्याकडं उलटं आहे. दमट हवेनं तारांना गंज चढतो. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसावंच लागतं."

म्हणजे मुलखाप्रमाणे वाद्याचे दुखणेही बदलते. विदर्भाच्या उन्हात लाकूड आटते, पावसाळ्यात ते फुगते, आणि दोन्ही वेळा दांडी थोडी वाकते. तिच्या आत लोखंडी सळई बसवलेली असते. तिचा नट एका वेळी पाव फेराच फिरवावा, मग गिटार ताणून तशीच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. जोर केला तर सळई तुटते आणि वाद्य कामातून जाते. पत्र्याच्या छपराखाली, भिंतीला टेकवून गिटार ठेवणे म्हणजे तिला उन्हात वाळत घालण्यासारखेच.

दुसरा विषय निघाला फेरबदलांचा. कोणी चारऐवजी पाच तारांची गिटार घेतो. पाचवी तार आणखी खाली, सेकंदाला सुमारे ३१ कंपनांपर्यंत उतरते. कोणी दांडीवरचे पडदे काढूनच टाकतो. अमेरिकेच्या जॅको पास्टोरियस या वादकाने आपल्या गिटारचे पडदे काढले, खाचा भरल्या आणि वरून बोटींना लावायच्या रेझिनचा थर दिला. पडदे गेले की एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. आपल्या गाण्यातली मींड अशा गिटारवर छान उतरते. मात्र कान पक्का नसेल तर प्रत्येक सूर बेसूर! शिकणाऱ्याने पडद्यांना हात लावू नये, हेच बरे.

गिटारमधून सतत 'हूंऽऽ' असा आवाज येत असेल तर आतल्या पोकळीला तांब्याची पातळ पट्टी चिकटवून ती जमिनीच्या तारेला जोडतात. पण त्याआधी घराचे आणि मंडपाचे अर्थिंग तपासा. बेसच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग सदोष असेल तर एका हाताने तार धरून माईकला ओठ लावताच झटका बसतो. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन काढून काम भागवणारे मंडपवाले सगळीकडे भेटतात. तिथे आयोजकांनीच अडून बसावे. पोराचा जीव कार्यक्रमापेक्षा मोठा आहे.

वाजवण्याची तऱ्हाही मुलखागणिक वेगळी. मुंबईच्या हिंदी चित्रपटांत गोव्याकडच्या वादकांनी पाश्चात्त्य वळण आणले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस जाणकार आजही कान देऊन ऐकतात. तिकडे दक्षिणेत इलयाराजा यांनी बेसला दुसरे गाणेच दिले. गायक एक चाल गातो, खाली बेस वेगळी चाल गातो, आणि दोन्ही एकमेकांना धरून चालतात. हे इलयाराजा खेड्यातून आले. थोरल्या भावाच्या गायनपार्टीबरोबर गावोगाव फिरून तयार झाले. आणि हे वाद्य पुरुषांचेच आहे असे समजू नका. मुंबईची मोहिनी डे बेसवादक वडिलांकडून लहानपणीच शिकली आणि ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवू लागली.

आपल्या भीमगीतांच्या पार्ट्यांत ढोलक, पेटी, बेंजो आणि टाळ्या यांचाच जोर राहिला. पुढे ऑर्केस्ट्रा आले, तसा कुठे कुठे बेसही आला. नंतर कीबोर्डच्या डाव्या हातावर बेस वाजू लागला आणि एक माणूस कमी झाला. त्याही पुढे डीजे आला आणि सगळेच कमी झाले. खर्च वाचला, असे समित्या म्हणतात. जमाखर्च लिहिणारा माणूस म्हणून मी विचारतो, वाचला तो कोणाचा? पाचसहा घरांची बिदागी गेली, ती कोणत्या वहीत मांडायची?

बेसवाल्याचे नाव न घेण्याची रीत मात्र आपल्याकडचीच नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारकारखान्यांचे शहर. तिथल्या मोटाउन कंपनीच्या तळघरातल्या स्टुडिओत जेम्स जेमरसन हा कृष्णवर्णीय वादक बेस वाजवी. लहानपणी काठीला रबर ताणून तो एकतारी वाजवायचा, असे सांगतात. उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो वाजवायचा आणि तारा सहसा बदलत नसे. त्याच्या बेसवर उभी राहिलेली गाणी साऱ्या जगाने गुणगुणली, पण वर्षानुवर्षे रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचे नाव नव्हते. १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या एका रेकॉर्डवर ते छापले गेले. १९८३ साली तो वारला. मोठा सन्मान मिळाला तो २००० साली. तोवर तो घ्यायला तो राहिला नव्हता.

आपल्या गावातल्या जेमरसनला एवढी वाट पाहायला लावू नये. जयंतीच्या पत्रिकेवर पाहुण्यांची नावे दोन रकाने भरून छापतो, त्यात वादकांसाठी चार ओळी सहज निघतील. वर्षातून एक कार्यक्रम तरी हाताने वाजवणाऱ्यांचा ठेवावा, आणि ठरलेली बिदागी त्याच रात्री हातात द्यावी. घरी मुलगा किंवा मुलगी जाड तारांवर बोटे घासत बसली असेल तर "काय ते घूं-घूं!" म्हणू नका. एखादे ओळखीचे गाणे लावा आणि तिलाच विचारा, यातला तुझा आवाज कोणता? ती दाखवील. एकदा तो ऐकू आला की पुढे प्रत्येक गाण्यात ऐकू येईल.