ऐनावरचा कोसा आणि पेशींची पानगळ

साकोली म्हटले की धान आणि तलाव आठवतात. नागझिऱ्याच्या बाजूला वळले की जंगलात ऐनाची झाडे लागतात, आणि टसरची अळी वाढते ती ऐनावर. भंडारा जिल्ह्यातली ढीवर मंडळी पाखरे हाकलत झाडांखाली दिवस काढतात, मग कोसा उतरवतात. धाग्यासाठीचा कोसा उकळला जातो, त्यामुळे आतला जीव बाहेर येतच नाही. बियाण्यासाठी राखलेल्या कोशातून मात्र पतंग निघतो.

त्या निघण्याकडे हार्वर्डमध्ये दोघे डोळे लावून बसले होते. कॅरोल विल्यम्स आणि त्यांचे विद्यार्थी रिचर्ड लॉकशिन. त्यांचा पतंग आपल्या टसरचा चुलतभाऊ, ओकवर वाढणारा चिनी टसर. कोश सोडताना तो पोटाच्या स्नायूंनी जोर लावतो. काम संपले की दोनेक दिवसांत तेच स्नायू विरघळून जातात. ना जखम, ना रोग. 1964-65 च्या लेखांत दोघांनी याला ‘नियोजित पेशीमृत्यू’ म्हटले. टसरच्या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अंगातल्या शिदोरीवरच त्याला अंडी घालण्यापर्यंत मजल मारायची असते.

जुने मोडून त्याचाच माल वापरण्याच्या या रीतीला क्रिस्तियान द दूव्ह यांनी 1963 मध्येच ‘स्वभक्षण’ असे नाव दिले होते. नाव मिळाले, पण तीसेक वर्षे फारसे कुणी खोलात गेले नाही. 1992 मध्ये योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पुढे त्यामागची जनुके शोधली. 2016 चे नोबेल त्यांना मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत नियोजित पेशीमृत्यूशी निगडित व्हेनेटोक्लॅक्स या औषधाला रक्ताच्या एका कर्करोगासाठी परवानगी मिळाली. मरायचे नाकारणाऱ्या पेशींना मरणाकडे वळवणे, एवढेच त्याचे काम. उलट वय वाढते तसे स्वभक्षण मंदावते, पेशीत मोडकी प्रथिने साचतात. पार्किन्सनमध्ये चेतापेशी मरतात त्यामागे या साचण्याचाही हात असल्याचे मानले जाते.

आता शब्दाचे. मराठीत नियोजित पेशीमृत्यूचा विषय आला की ‘पेशींची आत्महत्या’ असे सर्रास छापले जाते. विदर्भात राहून हा शब्द असा सहज वापरणे मला जमत नाही. शिवाय तो चुकीचाही आहे. यात हताशा नाही, शरीराची व्यवस्था आहे. 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून या मरणाला नवे नाव दिले, तेव्हा तिथल्याच ग्रीकच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉर्मॅक यांनी, त्यांना ‘अपॉप्टोसिस’ हा शब्द सुचवला होता. त्याचा अर्थ झाडाची पाने, फुलाच्या पाकळ्या गळणे.

पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या लेखकांना एवढीच विनंती, पुढच्या वेळी ‘पेशींची पानगळ’ लिहा.