तरुण संशोधकांची परिषद

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कपाशीला युरिया देतो, तेव्हा तो युरिया बहुतांशी जसाच्या तसा पिकाच्या उपयोगी पडत नाही. जमिनीतील सूक्ष्मजीवांजवळ युरिएज नावाचे विकर असते. ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते, आणि मग पिकाला नत्र मिळते. जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली अबईच्या जातीच्या एका घेवड्याच्या बियांतून हे विकर स्फटिकरूपात वेगळे केले. स्फटिकरूपात हाती आलेले हे पहिलेच विकर होय. परंतु त्यात निकेल हा धातू आहे, ही गोष्ट उघडकीस आली ती १९७५ साली. मध्ये ४९ वर्षे लोटली!

सजीवांच्या शरीरात धातू कोणते कार्य करतात, याचा विचार करणाऱ्या शास्त्राला जैव-असेंद्रिय रसायनशास्त्र म्हणतात. रक्तातील लोह, हरितद्रव्यातील मॅग्नेशियम, ब-१२ जीवनसत्त्वातील कोबाल्ट ही त्याची परिचित उदाहरणे. या शास्त्राची अडचण अशी की, धातूंच्या जाणकाराला जीवशास्त्र फारसे अवगत नसते, आणि जीवशास्त्रज्ञाला धातूंचे गुणधर्म नीटसे ठाऊक नसतात. दोघांची गाठ पडावी कोठे? नियतकालिके आहेतच, पण त्यांत पूर्ण झालेले काम छापले जाते, अडलेले नव्हे. म्हणून परिषदा भरविल्या जातात. या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८३ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे भरली. दुसरी आशियाई परिषद २००४ साली आपल्या गोव्यात झाली.

परिषदेत नामांकित शास्त्रज्ञ व्यासपीठावरून व्याख्याने देतात. नवख्या संशोधकाच्या वाट्याला बहुधा हात-दोन हात जागा येते. तेथे तो आपल्या प्रयोगांच्या आकृत्या व निष्कर्ष मांडलेले भित्तिपत्रक लावतो आणि शेजारी उभा राहतो. येणारा-जाणारा थांबतो, वाचतो आणि विचारतो, "नमुन्यात सापडलेले हे लोह काचपात्रातून तर आले नसेल?" एवढ्या एका प्रश्नाने कित्येक महिन्यांचे काम पुन्हा करावे लागते, क्वचित अडलेले कोडेही सुटते. व्याख्याने ऐकण्यापेक्षा हे उभे राहणेच अधिक शिकविते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तथापि थोरामोठ्यांसमोर तरुणांची जीभ अडखळते. अमेरिकेत सुरू झालेल्या गॉर्डन परिषदांनी त्यावर तोड काढली आहे. मुख्य परिषदेला जोडून विद्यार्थी व नवसंशोधक यांचे निराळे चर्चासत्र भरते. त्याचे आयोजकही तेच आणि बहुतेक वक्तेही तेच. जैव-असेंद्रिय रसायनशास्त्राचेही असे चर्चासत्र भरत आले आहे. तेथे ऐकलेली माहिती बोलणाऱ्याच्या संमतीवाचून कोणी प्रसिद्ध करावयाची नाही, असा कडक दंडक आहे. त्यामुळे फसलेला प्रयोगही मोकळेपणाने सांगता येतो.

बुलढाणा जिल्ह्यातीलच लोणार सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. त्याच्या गाळात मिथेन वायू निर्माण करणारे सूक्ष्मजीव आढळले आहेत, आणि तो वायू खाऊन जगणारेही. पहिल्यांच्या विकरात निकेल असते. दुसऱ्यांपैकी बहुतेकांच्या विकरात तांबे. त्या गाळातील सूक्ष्मजीव वाढविणारा विद्यार्थी आणि तांब्या-निकेलचा अभ्यास करणारा विद्यार्थी सहसा निरनिराळ्या विभागांत, कधी निरनिराळ्या शहरांत काम करतात. त्यांची पहिली भेट पुष्कळदा शेजारीशेजारी लागलेल्या दोन भित्तिपत्रकांसमोरच होते.