जुनी सेडान घेताना किंमत नंतर बघा, आधी उरलेली वर्षे मोजा



बदल्यांच्या याद्या लागल्या की स्टाफरूममध्ये एक विषय हमखास निघतो. शाळा तीस-चाळीस किलोमीटरवर गेलेली असते आणि पावसाळा मोटारसायकलवर काढायचा असतो. घरी दोन लेकरं आणि वयस्कर आईवडील असतात. नवी गाडी पगारातल्या हप्त्यांत बसत नाही. मग दीड-दोन लाखांत मिळणारी, डिकीवाली जुनी गाडी बघायला सुरुवात होते. डिझायर, एटिऑस, अमेझ, एक्सेंट, झेस्ट ही नावे पुढे येतात.

"किती सांगतोय?" हा आपला पहिला प्रश्न असतो. खरे तर तो शेवटी विचारायला हवा. जुनी गाडी घेताना आपण त्या गाडीची उरलेली वर्षे विकत घेत असतो. ती किती उरली आहेत आणि एकेक वर्ष आपल्याला केवढ्याला पडणार, हे आज समजून घेऊ.

१. वय आरसीवर मोजायचे

खाजगी कारची नोंदणी पहिल्या तारखेपासून १५ वर्षे चालते. ती संपली की गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. पास झाली तर पुढे ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील कारच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो. शुल्क वेळोवेळी बदलते, म्हणून व्यवहाराआधी चालू दर बघून घ्यावा.

याचा अर्थ असा की १४ वर्षांची गाडी स्वस्त दिसते, पण वर्षभरात हा सगळा खर्च आपल्याच दारात येतो. तपासणीत पास व्हायला ब्रेक, दिवे, सायलेन्सर, टायर ठीक करावे लागतात, ते वेगळेच. विकणारा "अजून रनिंगमध्ये आहे" म्हणतो. ती किती वर्षे कायद्याने रस्त्यावर राहील, हे मात्र आरसीवरची मुदतीची तारीख सांगते.

२. एक उदाहरण सोडवून पाहू

आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापल्या गावच्या भावाप्रमाणे बदलून घ्या.

गाडी 'अ' ११ वर्षांची आहे. किंमत २,४०,००० रुपये. नावावर करणे व इतर कागद ८,०००. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग, सस्पेन्शनचे काम ४२,०००. एकूण २,९०,०००. चार वर्षे वापरून १,१०,००० ला विकली, तर १,८०,००० रुपये गेले, म्हणजे वर्षाला ४५,०००. त्यात विमा १०,००० आणि दुरुस्ती २०,००० मिळवली की वर्षाला ७५,००० रुपये.

गाडी 'ब' १४ वर्षांची आहे. किंमत फक्त १,५०,०००. कागद ८,०००. क्लच, टायर, एसी, पत्र्याचे काम ९५,०००. वर्षभरात नूतनीकरण व पासिंगचा खर्च १५,०००. एकूण २,६८,०००. चार वर्षांनी ६०,००० आले, तर २,०८,००० गेले, म्हणजे वर्षाला ५२,०००. विमा ८,००० आणि दुरुस्ती ३०,००० धरली की वर्षाला ९०,००० रुपये.

बघा, घेताना ९०,००० रुपयांनी स्वस्त असलेली गाडी वापरताना दरवर्षी १५,००० रुपयांनी महाग पडली! पेट्रोल तर अजून धरलेलेच नाही. १०५ रुपये लिटर आणि १५ चे अ‍ॅव्हरेज धरले तर किलोमीटरला ७ रुपये होतात. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरलो की ७०,००० रुपये.

म्हणून हातात २ लाख असतील तर २ लाखांची गाडी घेऊ नये. दीड-पावणेदोन लाखांची बघावी आणि बाकीचे पैसे पहिल्या सहा महिन्यांच्या कामासाठी बाजूला ठेवावेत.

३. कोणती गाडी निवडावी?

आपल्याकडे ४ मीटरपेक्षा आखूड सेडान भरपूर दिसतात, त्याचे कारण कर आहे. २००६ पासून ४ मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. २००८ मध्ये टाटाची इंडिगो सीएस त्या मापात आली. डिझायर २००८ मध्ये आली तेव्हा लांब होती, २०१२ च्या मॉडेलमध्ये तिची शेपटी छाटून ती ३,९९५ मिलिमीटरची झाली. त्यामुळे २०१२ नंतरच्या डिझायरची डिकी आधीच्यापेक्षा लहान आहे. सामानासाठी गाडी घेणाऱ्याने हे बघून घ्यावे.

निवडताना सगळ्यात मोठा निकष कोणता? आपल्या तालुक्याच्या गावात तिचे सुटे भाग मिळतात का आणि मेकॅनिकचा हात तिच्यावर बसलेला आहे का. डिझायरचे बरेच भाग स्विफ्टशी जुळतात, म्हणून ते सहज मिळतात. शेवरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. या कंपन्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात. गाडी म्हणून त्या वाईट नाहीत, पण भागासाठी किती दिवस थांबावे लागेल हे आधी गॅरेजवाल्याला विचारावे.

डिझेल की पेट्रोल? रोजचे रनिंग ५०-६० किलोमीटरच्या आत असेल तर जुनी पेट्रोल गाडी परवडते. जुन्या डिझेलचे इंजेक्टर किंवा टर्बो गेला की एका बिलात वर्षभराची बचत संपते. सीएनजी किट बाहेरून बसवलेले असेल तर आरसीवर त्याची नोंद हवीच, आणि टाकीची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट झालेली हवी. शिवाय डिकी टाकीनेच भरते, हेही लक्षात असू द्या.

लेकरं बसवणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि एबीएस एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या कारना सक्तीचे झाले. त्याआधीच्या खालच्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा दोन्ही नसतात. त्याच वर्षाचे वरचे मॉडेल २०-२५ हजारांनी महाग मिळाले तरी ते घ्यावे. मॅगव्हील आणि टेप बसवलेल्या गाडीपेक्षा ब्रेक नीट लागणारी गाडी केव्हाही बरी.

४. गाडी बघायला जाताना

सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. आपण पोहोचण्याआधीच बॉनेट गरम असेल तर काहीतरी लपवले जातेय का, अशी शंका घ्यावी. मग एकेक बघा:

- धूर: निळसर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. काळा असेल तर इंधन नीट जळत नाही. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा राहिला तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते.
- ऑइलचे झाकण: उघडून बघा. आतून साईसारखा पांढरट थर असेल तर सावध व्हा.
- टायर: बाजूला चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर बदलायचाच, हे भावात धरा.
- बोल्ट: बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे दिसले तर तो भाग कधीतरी उघडलेला आहे. दरवाजांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, तेही बघा.
- पाणी: २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण भागात असंख्य गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊनपुसून कुठेही विकली जाऊ शकते. मॅट उचला, सीटच्या रुळावरचा गंज, बेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा मातीचा डाग आणि कुबट वास तपासा.
- किलोमीटर: मीटर मागे फिरवता येतो. ४५,००० दाखवतो आणि पेडलचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंग चकचकीत, ड्रायव्हरची सीट बसकी असेल तर गणित जुळत नाही. सर्व्हिसिंगची बिले मागा.
- टॅक्सी: डिझायर, एटिऑस या गाड्या टॅक्सीत खूप चालल्या. आधीची नोंदणी व्यावसायिक होती का ते विचारा.

आपला मेकॅनिक सोबत न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. ५००-१,००० रुपयांत मिळणारा हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

५. नोटरी म्हणजे नाव लागणे नाही

हा भाग विकणाऱ्यानेही वाचावा. आपल्याकडे स्टॅम्प पेपरवर नोटरी करतात, टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या घेतात आणि "नाव नंतर लावू" म्हणत गाडी दोन-तीन हातांतून फिरते. कायद्यासमोर मालक तोच, ज्याचे नाव आरसीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले. गाडी पुढे अनेकांना विकली गेली होती, पण आरसीवर पहिल्याचेच नाव होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. विचार करा, दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीसाठी आयुष्याची पुंजी द्यावी लागली तर?

घेणाऱ्याचीही अडचण होते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते. ते राहिले आणि गाडी ठोकली गेली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही. म्हणून त्याचा जुना हप्ता बघून आपला अंदाज बांधू नये.

पैसे पूर्ण देण्याआधी एवढे हातात हवे:

- आरसीवरचा इंजिन नंबर आणि १७ अक्षरांचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवलेला.
- एम-परिवहन अ‍ॅपवर मालक कितवा, विमा, पीयूसी, बोजा आहे का, हे पाहिलेले.
- थकीत ई-चलान भरलेले.
- कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवता येतो.
- फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव भरून.
- १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट. ती नसेल तर आरटीओतली कामे अडू शकतात.

काही रक्कम, समजा १० हजार, नाव लागेपर्यंत मागे ठेवायची असे आधीच बोलून घ्या. विकणारा प्रामाणिक असेल तर तोही तयार होतो, कारण नाव लवकर लागण्यात त्याचेही हित आहे.

आणि दिल्लीच्या गाड्या? तिकडे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. इथे आणल्यावर तिकडची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा एमएच नंबर हे सगळे करावे लागते. हा खर्च मिळवूनच भाव करा.

६. घेतल्यानंतर

पहिल्याच आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. मागचे कधी बदलले ते कोणी सांगितले तरी बदला. तिथून पुढे आपला हिशेब आपल्याला माहीत असतो.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या साधारणपणे त्यासाठी बनवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा चारचाकींचे अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. म्हणून इंधनाचे रबरी पाइप आणि सील प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासायला सांगा. पेट्रोलचा वास आला तर गाडी तशीच दामटू नका.

डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवा. तारीख, मीटर, काय काम केले, किती पैसे, एवढे चार रकाने पुरेत. उद्या गाडी विकताना हीच वही तिचा भाव वाढवते. पाचवीच्या पुढच्या वर्गाला सरासरी आणि शेकडेवारी शिकवताना हीच वही फळ्यावर घ्या. अ‍ॅव्हरेज काढायला मुलांना फार आवडते, आणि टायरवरचा शिक्का वाचायला तर शाळेसमोर उभ्या गाड्या पुरतात. वरच्या 'अ' आणि 'ब' गाडीचे उदाहरणही घरी पालकांसोबत सोडवायला द्यावे. मूल विचारेल, "बाबा, आपली गाडी वर्षाला केवढ्याला पडते?" त्याचे उत्तर आपल्याकडे असायला हवे.