बारशाआधीची फाईल : दवाखान्यातील संगणकाची आवराआवर

रुग्णाचा इतिहास घ्यावा कसा आणि लिहावा कसा, हे आपणां सर्वांना वैद्यकीय महाविद्यालयात कसून शिकविले गेले. केसपेपर कोठे ठेवायचा, एक्स-रेच्या पाकिटावर काय लिहायचे, हेही वॉर्डातील सिस्टरांनी आणि ज्येष्ठ निवासी डॉक्टरांनी शिकविले. संगणकावरील फाईल कोठे ठेवावी आणि तिला नाव काय द्यावे, हे मात्र आपल्या पिढीला सहसा कोणी शिकविले नाही. संगणक टेबलावर आला, विक्रेत्याने तो चालू करून दाखविला, आणि पुढचे ज्याने त्याने आपापल्या परीने जमविले. परिणामी ज्यांच्या कपाटातून वीस वर्षांपूर्वीचे कार्ड दोन मिनिटांत निघते, त्यांच्याच संगणकाच्या पडद्यावर 'रिपोर्ट', 'रिपोर्ट नवा', 'रिपोर्ट नवा फायनल' आणि 'न्यू फोल्डर' यांची दाटी झालेली दिसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही स्थिती आहे.

विषय कारकुनी वाटेल; परंतु बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने तो तसा नाही. एका अहवालाचे उदाहरण घेऊ.

एका अहवालाचा प्रवास

जन्मजात थायरॉईड संप्रेरकाची कमतरता असलेले अर्भक जन्मतः बहुधा निरोगीच दिसते. म्हणून पहिल्या काही दिवसांत टाचेचे रक्त घेऊन टीएसएच तपासले जाते. दोष आढळल्यास पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू व्हावे, कारण प्रत्येक वाया गेलेल्या आठवड्याची किंमत बाळाच्या बुद्धीला मोजावी लागते. समजा, प्रयोगशाळेने पाचव्या दिवशी अहवाल पीडीएफ स्वरूपात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविला. अहवालावर नाव आहे 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव. स्वागतकक्षातील मुलीने तो संगणकावर उतरवून घेतला आणि तो 'डाउनलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसला. तेथे 'रिपोर्ट' नावाची फाईल आधीच असल्याने संगणकाने हिला 'रिपोर्ट (१)' म्हटले. बाराव्या दिवशी बारसे झाले. सहाव्या आठवड्यात लसीकरणासाठी आलेल्या बाळाचे नाव आहे 'आर्या'. आपण संगणकात 'आर्या' शोधतो आणि काहीच सापडत नाही.

येथे चाचणी झाली, प्रयोगशाळेने आपले काम वेळेत केले आणि अहवालही आपल्याच संगणकात सुखरूप आहे. हरवली आहे ती केवळ त्याच्यापर्यंत जाण्याची वाट. फाईल आणि फोल्डर यांची शिस्त म्हणजे ही वाट आखून ठेवणे होय.

एक रुग्ण, एक क्रमांक

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक डॉक्टर आपापल्या वहीत नोंदी करीत असे. एकच रुग्ण तिघांकडे गेला की त्याची माहिती तीन वह्यांत विखुरली जाई. १९०७ साली डॉ. हेन्री प्लमर यांनी तेथे नवी पद्धत सुरू केली : प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली त्याचे सर्व कागद एकत्र. आज आपण ज्याला रुग्णाची फाईल म्हणतो, तिचे मूळ या पद्धतीत आहे.

संगणकानेही पुढे कचेरीतील हीच मांडणी उचलली. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर आणि कपाटे यांची चित्रे होती. तेव्हापासून संगणकाची ड्राईव्ह हे कपाट, फोल्डर हा त्यातील खण आणि फाईल हा कागद, ही कल्पना रूढ झाली. फरक एवढाच की संगणकातील खणात आणखी खण, त्यात आणखी खण, असे कितीही करता येतात. ही सोय आहे आणि मोहही. तीन-चार पातळ्यांपलीकडे गेलेली रचना करणाऱ्यालाच आठवत नाही.

जे बदलत नाही, त्यावर रचना

वर्गवारी कशावर करावी? रोगानुसार फोल्डर केले, तर दमा आणि अपस्मार दोन्ही असलेल्या मुलाचे कागद कोठे ठेवायचे? शिवाय निदान बदलते, पत्ता बदलतो, दूरध्वनी क्रमांक बदलतो. नावाचा तर प्रश्नच नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातही बाळाची नोंद नावाशिवाय करून नाव मागाहून घालण्याची तरतूद आहे.

आपल्या इंदूरमध्ये यात आणखी एक गंमत आहे. हिंदी लिहिण्याच्या सवयीत 'ळ' टिकत नाही. काळे यांचे 'काले' होतात, कुळकर्णींचे 'कुलकर्णी', आणि पळशीकरांचे 'पलसीकर' तर शहराच्या अंगवळणीच पडले आहे. आपण हसून सोडून देतो, परंतु संगणकाच्या लेखी काळे आणि काले ही दोन स्वतंत्र कुटुंबे आहेत. एकच आडनाव रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिले गेले, तर ती तीन कुटुंबे होतात.

न बदलणाऱ्या गोष्टी दोनच : जन्मतारीख आणि आपण दिलेला क्रमांक. म्हणून 'रुग्ण' हा एक मुख्य फोल्डर करावा, त्यात जन्मवर्षानुसार फोल्डर, आणि त्यात प्रत्येक मुलाचा क्रमांकाचा फोल्डर. जुळ्यांना दोन स्वतंत्र क्रमांक द्यावेत. क्रमांक ३१५ असला तरी तो ००३१५ असा पाच अंकी लिहावा, म्हणजे सर्व यादी क्रमाने लागते. जोडीला एक्सेलमध्ये एक सूची असावी : क्रमांक, आईचे नाव, बाळाचे नाव, जन्मतारीख, दूरध्वनी. बारसे झाले की सूचीतील एक रकाना भरायचा. एकाही फाईलला हात लावावा लागत नाही.

आता फाईलचे नाव. '००३१५_२०२४-०६-१३_टीएसएच' असे ते असावे : क्रमांक, तपासणीची तारीख, विषय. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८८ साली हीच पद्धत प्रमाण ठरविली. संगणक नावे डावीकडून वाचून क्रम लावतो. आपल्या नेहमीच्या पद्धतीने दिवस आधी लिहिला, तर १ डिसेंबर २०२४ हा २ जानेवारी २०२१ च्या आधी येऊन बसतो. वर्ष आधी लिहिले की सोनोग्राफीचे चार अहवाल आपोआप कालक्रमाने उभे राहतात आणि मूत्रपिंडाची वाढ एका नजरेत वाचता येते. तारखेत तिरपी रेघ वापरू नये; विंडोज प्रणाली फाईलच्या नावात ती स्वीकारत नाही. अंकही नेहमी एकाच लिपीत लिहावेत, कारण देवनागरी सात आणि इंग्रजी सात ही संगणकाला दोन भिन्न चिन्हे वाटतात.

रोजच्या चार क्रिया

'डाउनलोड्स' आणि डेस्कटॉप या जागांना बाह्यरुग्ण विभागातील बाक समजावे. तेथे रुग्णाने काही वेळ बसावे, मुक्काम करू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरविलेल्या छायाचित्राच्या नावात तारीख आणि अनुक्रमांक असतो, बाळाचे नाव नसते. ती तारीखही तपासणीची असेलच असे नाही. म्हणून आलेला प्रत्येक अहवाल आधी उघडून वाचावा, मग त्याला योग्य नाव देऊन मुलाच्या फोल्डरमध्ये हलवावा. नाव बदलण्यासाठी फाईल निवडून एफ-२ ही कळ दाबावी. हलविण्यासाठी कंट्रोल-एक्स, प्रत काढण्यासाठी कंट्रोल-सी, आणि इष्ट जागी ठेवण्यासाठी कंट्रोल-व्ही. चूक झाल्याचे लगेच लक्षात आले, तर कंट्रोल-झेड दाबून ती मागे घेता येते.

माऊसने फाईल ओढताना एक लक्षात असावे. एकाच ड्राईव्हमध्ये ओढल्यास फाईल हलते, दुसऱ्या ड्राईव्हवर ओढल्यास तिची प्रत होते. डेस्कटॉपवरील ज्या चित्रावर लहानसा बाण असतो, ती फाईल नव्हे, फाईलकडे नेणारी पाटी असते. परिषदेला निघताना पेनड्राईव्हवर ही पाटीच उतरवून नेली, तर सभागृहात व्याख्यान उघडत नाही. पुसलेली फाईल प्रथम रिसायकल बिनमध्ये जाते व तेथून परत आणता येते. पेनड्राईव्हवरून पुसलेली मात्र सहसा तेथे जात नाही.

प्रत, आणि तिची परीक्षा

फाईलच्या नावाला शेवटी एक उपनाम असते. पीडीएफ, जेपीजी ही त्यांतली सौम्य. ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम. विंडोज हे उपनाम सहसा लपविते. त्यामुळे 'रिपोर्ट.पीडीएफ.ईएक्सई' ही घातक फाईल पडद्यावर साळसूदपणे 'रिपोर्ट.पीडीएफ' म्हणून मिरवते. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' या पर्यायात जाऊन उपनामे दिसतील अशी व्यवस्था आजच करावी. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील नोंदणी व अहवालांचे काम हाताने करावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपल्या दवाखान्यातील एकुलत्या संगणकाने काय भरवसा द्यावा?

उपाय जुना आहे : तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या वास्तूत. संगणकातील मूळ, बाह्य हार्डडिस्कवरील प्रत आणि इंटरनेटवरील साठ्यातील प्रत. हार्डडिस्क प्रत काढल्यानंतर सोडवून ठेवावी. जोडलेली राहिली, तर संगणकाबरोबर तीही बाधित होते. इंटरनेटवर आपोआप जुळणारा फोल्डर म्हणजे पुरेशी प्रत नव्हे, कारण येथे पुसलेली फाईल तेथूनही पुसली जाते. आणि महिन्यातून एकदा प्रतीमधील एखादी फाईल उघडून पाहावी. ताप मोजला नाही म्हणून तो नाही असे आपण मानत नाही. न उघडलेल्या प्रतीलाही शाबूत मानू नये.

कायदा आणि विश्वास

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी आल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. त्वरित सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर घेण्याचा प्रयत्न करावा, असेही तेथे म्हटले आहे. बालरोगतज्ज्ञाने मात्र तीन वर्षांवर थांबू नये. जन्माच्या वेळचे वजन, काविळीची पातळी, पहिला झटका कधी आला, हे प्रश्न मूल शाळेत गेल्यावर पुन्हा विचारले जातात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येकास बालक मानतो. क्रमांकाने नाव दिलेल्या फायलींचा येथेही लाभ होतो. फायलींची यादी कोणाच्या दृष्टीस पडली, तरी कोणाचे मूल कोणत्या आजाराने ग्रस्त आहे ते तिच्यातून कळत नाही. नावांची सूची तेवढी परवलीच्या शब्दाने बंद ठेवावी आणि संगणक दुरुस्तीला देताना तिचा विशेष विचार करावा.

जुना पसारा एका दिवसात आवरण्याचा संकल्प करू नये. तो तडीस जात नाही. जुने सर्व 'जुने' नावाच्या एका फोल्डरमध्ये घालावे आणि उद्या येणाऱ्या पहिल्या बाळापासून नवी पद्धत सुरू करावी. जुना रुग्ण पुन्हा आला की त्याचे कागद त्या वेळी नव्या घरी न्यावेत. सायंकाळची ओपीडी संपल्यावर दहा मिनिटे काढून 'डाउनलोड्स' रिकामे करावे, आणि हे काम स्वागतकक्षावर सोपविले तरी प्रत्येक अहवालावर आपली नजर गेल्याखेरीज तो हलवू देऊ नये. टीएसएचचा आकडा वाचणारा डोळा शेवटी डॉक्टरचाच लागतो. संगणकाने तो वेळेवर समोर आणून ठेवावा, एवढेच त्याच्याकडून हवे आहे.