धीराचे भांडवल

धान्याच्या पेठेत आयुष्य घालविलेल्या माणसाने गाण्याविषयी लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. आमची विद्या मॅट्रिकपर्यंतची आणि कान पोत्यांच्या मोजदादीला सरावलेले. परंतु आपल्या समाजातील अनेक घरांतून हल्ली एक प्रश्न उभा राहत आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला संगीतातच काही करावयाचे आहे," आणि वडीलधारी विचारतात, "यात सुटणार काय?" हा प्रश्न गैर नाही, तो आम्हीही विचारला आहे. त्याचे उत्तर शोधताना आमच्याच बेळगाव जिल्ह्यातील एका पुरुषाचे चरित्र आम्हांस उपयोगी पडले.

८ एप्रिल १९२४ रोजी सुळेभावी येथे शिवपुत्र कोमकली यांचा जन्म झाला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा बालक त्या हुबेहूब गात असे. लोक थक्क झाले आणि 'कुमार गंधर्व' हे नाव लहानपणीच त्यास चिकटले. व्यापाराच्या भाषेत बोलावयाचे, तर माल विनासायास खपत होता. तेव्हा दुकान आहे तसेच चालवावे, असा मोह कोणासही झाला असता. परंतु १९३६ साली त्यास मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे शिकावयास ठेवण्यात आले. पुढे अंजनीबाई मालपेकर यांचीही तालीम त्यास लाभली. टाळ्या मिळत असताना पुन्हा विद्यार्थी होणे, हे धैर्याचे काम होय. दुसऱ्याच्या वखारीतील माल आपल्या काट्यावर कितीही सफाईने तोलला, तरी तो आपला होत नाही.

पुढे कसोटीचा काळ आला. १९४७ साली विवाह झाला आणि लवकरच क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ साली कुमारजी माळव्यात, इंदूरजवळील देवास येथे येऊन राहिले. गाणे बंद झाले. गायकाची फुप्फुसेच जायबंद व्हावीत, हे व्यापाऱ्याची वखार जळण्यासारखेच होय. त्या दिवसांत पत्नी भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी करून घर सांभाळले आणि पतीची शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवेच निघाले होते. त्याचाही गुण आला.

आपले मुनिमहाराज चातुर्मासात विहार थांबवून एके ठिकाणी राहतात. परंतु त्यांचा स्वाध्याय थांबत नाही. कुमारजींची ती वर्षे आम्हांस तशीच भासतात. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातील स्त्रियांची गाणी आणि दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजने ऐकली. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या साध्या धुनांतच रागांचे बीज आहे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलींत गाऊ लागले, तेव्हा गाणे त्यांचे स्वतःचे झाले होते. मालवती, लगनगंधार, संजारी असे नवे राग त्यांनी लोकधुनांतून उभे केले. स्वतःच्या बंदिशींचा 'अनुपरागविलास' हा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. १९९० साली पद्मविभूषण हा सन्मान मिळाला आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून आम्ही तीन गोष्टी घेतल्या. पहिली, शिकण्याची वर्षे हा तोटा नव्हे. ते भांडवल होय. दुसरी, सक्तीची विश्रांती आली तरी कान आणि मन यांनी संचय करीत राहावे. तिसरी, जी आम्हां कुटुंबप्रमुखांसाठी आहे, ती अशी की कलावंताच्या धीरामागे घरातील कोणीतरी धान्य भरून ठेवीत असते.

ही तिसरी गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली. आमच्या धाकट्या बंधूंचा गळा गोड होता. वीस वर्षांच्या वयात त्यांनी दोन वर्षांची सवड मागितली. आम्ही हंगामाचे कारण सांगून त्यांना काट्यावर बसविले. त्यांनी कधी तक्रार केली नाही, उत्तम हिशेब ठेवला, आणि ते आज आपल्यात नाहीत. त्यांचा तंबोरा कित्येक वर्षे आमच्या माळ्यावर होता. दरवर्षी क्षमापणेच्या दिवशी आम्ही सर्वांची क्षमा मागतो. जी त्यांच्याकडे मागावयास हवी होती, ती राहून गेली.

गेल्या पाडव्यास वहीपूजन झाल्यावर आमच्या नातीने तोच प्रश्न पुढे ठेवला. या वेळी आम्ही हंगाम पाहिला नाही. पाच वर्षांचा खर्च घराच्या वहीत वेगळे खाते घालून मांडला. अटी दोनच घातल्या: रियाज नित्य व्हावा आणि आठवड्यातून काही तास तिने लहान मुलांना शिकवून चार पैसे मिळवावेत. भ्रमणध्वनीवर एका रात्रीत मिळणाऱ्या वाहवेवर लक्ष ठेवू नये, असेही सांगितले. ती प्रसिद्ध होईल की नाही, हे आम्ही जाणत नाही. पेरणाऱ्याने पावसाची हमी मागू नये.

तंबोऱ्यास नव्या तारा चढविल्या आहेत. पहाटे दुकानाकडे निघताना त्याचा षड्ज कानी पडतो आणि आमची पावले दारात क्षणभर थांबतात. सभासद बंधुभगिनींच्या घरी असा प्रश्न उद्भवल्यास त्यांनी 'नाही' म्हणण्यापूर्वी एवढेच थांबावे, ही नम्र विनंती. जय जिनेंद्र.