वणव्यात घर सोडताना : माणसे, मांजरे आणि कोंबड्या



मे संपत आला की इकडे कॅलिफोर्नियात डोंगर पिवळे पडू लागतात. तिकडे गावाला त्या सुमारास पावसाची वाट बघत असतात. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत धड थेंब नाही. मग पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, बे एरियात डियाब्लो आणि खाली लॉस एंजेलिसकडे सँटा ॲना. अशा वेळी एक ठिणगी पुरते. हवामान खाते 'रेड फ्लॅग वॉर्निंग' देते ते याच दिवसांत, आणि आपली दिवाळीही नेमकी तेव्हाच येते.

सर्व्हर बंद पडला तर काय करायचे, याचे प्लॅन कंपन्यांना लिहून देणे हे माझे पोटापाण्याचे काम. पण ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजांनी सॅन होजेच्या पूर्वेकडच्या डोंगरांत वणवे पेटले आणि आमच्या भागाला वॉर्निंग आली, तेव्हा आमच्या घरचा प्लॅन काय होता? 'बघू!' जानेवारीत आलेले आईबाबा विमाने बंद झाल्यामुळे आमच्याकडेच अडकलेले. निघायला चाळीस मिनिटे लागली. त्यातली पंधरा पासपोर्ट शोधण्यात आणि वीस ड्रायरच्या मागे दडलेल्या मांजरीला बाहेर काढण्यात गेली. आग आमच्यापर्यंत आली नाही, म्हणून आज हे हसत सांगतोय.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या. 'इव्हॅक्युएशन वॉर्निंग' म्हणजे धोका येऊ शकतो, तयार राहा. 'इव्हॅक्युएशन ऑर्डर' म्हणजे जिवाला आत्ता धोका आहे, ताबडतोब निघा. पण घरात म्हातारी माणसे, तान्हे बाळ किंवा जनावरे असतील, तर तुमच्यासाठी वॉर्निंग हीच ऑर्डर. ८ नोव्हेंबर २०१८ ला पॅराडाइज गावात आग लागली तेव्हा सगळे एकदम निघाले आणि रस्ते तुंबले. ८५ माणसे गेली, त्यातली बहुतेक पासष्टीच्या पुढची. तासभर आधी निघून आग आलीच नाही, तर वाया काय गेले? एक तास.

तुमच्या काउंटीच्या अलर्टसाठी नाव नोंदवा आणि घराचा झोन नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. अलर्टमध्ये पत्ता नसतो, झोन असतो. 'वॉच ड्यूटी' हे ॲप फोनवर असू द्या, आग कुठे आहे ते नकाशावर दिसते.

आता आईबाबांचे. आपण दोघे ऑफिसात, मुले शाळेत आणि दुपारी घरात फक्त ते दोघे, हे चित्र आपल्याकडे किती घरांत आहे! त्यांना गाडी चालवता येत नाही, इंग्रजी मेसेज कळेलच असे नाही. शेजारच्यांशी आजच बोला : वेळ आली तर यांना गाडीत घ्याल का? त्यांचा नंबर आईबाबांच्या फोनमध्ये घाला, एकदा चहाला बोलवून ओळख करून द्या. गॅरेजचे दार वीज नसताना हाताने कसे उघडायचे, तेही दाखवा. ती लाल दोरी ओढायची आणि दार उचलायचे. २०१७ च्या आगीत वीज गेल्यावर काही वृद्धांना ते दार उघडता आले नाही. त्यानंतर कॅलिफोर्नियात नव्या ओपनरला बॅटरी सक्तीची झाली, पण जुन्या घरांत जुनेच ओपनर असतात. आमच्या बाबांना दोरी सापडली, दार मात्र उचलेना, इतके जड! म्हणून करून बघा म्हणतो.

निघताना कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे आणि पायात बूट. आईची नायलॉनची साडी आणि चपला नकोत. नायलॉन ठिणगीने वितळून अंगाला चिकटते. धुरासाठी एन-९५ मास्क घ्या, साधा कापडी उपयोगाचा नाही.

बॅग आधीच भरून दाराजवळ ठेवा. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, ओसीआय कार्ड, विम्याची पॉलिसी, थोडी रोकड, चष्मा, चार्जर. भारतातून आणलेली औषधे इथल्या दुकानात तशी मिळत नाहीत, म्हणून आठवड्याची तरी वेगळी ठेवा आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो काढा. दागिने कुठे आहेत ते घरातल्या दोघांना तरी माहीत हवे. आणि आजच मोबाइल घेऊन घरभर फिरा, कपाटे-ड्रॉवर उघडून व्हिडिओ काढा आणि क्लाउडवर टाका. विम्याचा दावा करताना मिक्सरपासून पैठणीपर्यंत सगळे आठवून लिहायचे असते, तेव्हा हा व्हिडिओ कामी येतो.

मुक्या जिवांचे काम सगळ्यात किचकट. धूर आणि गडबड कळली की मांजर लपते. म्हणून वॉर्निंग आली की पहिले काम : मांजरीला बाथरूममध्ये कोंडा, मग बाकीचे आवरा. तिथे पलंग नाही, कपाट नाही, लपणार कुठे? पिंजरा माळ्यावर ठेवू नका. तो वर्षभर खोलीतच उघडा, आत जुनी चादर टाकून ठेवा. आमची आता त्यातच झोपते. कुत्र्या-मांजरांना मायक्रोचिप असेल तर तिच्याशी जोडलेला फोन नंबर तपासा. तीन घरे बदलली तरी नंबर पहिल्या घराचाच असतो. तुमच्यासोबतचा फोटो, लसीचा कागद आणि आठवड्याचे खाणे बरोबर घ्या. सगळ्या निवाऱ्यांत प्राणी घेत नाहीत, तेव्हा कोणते हॉटेल किंवा मित्र घेतील ते आधी विचारून ठेवा. पोपट-लव्हबर्ड असतील तर लवकर निघा, पक्ष्यांना धूर फार लवकर बाधतो.

परसात कोंबड्या पाळणारी बरीच मंडळी आपल्यात आहेत. त्यांना संध्याकाळी खुराड्यात शिरल्यावर पकडणे सोपे. दुपारी अंगणात मागे पळत बसाल. घोडे, शेळ्या असतील तर ट्रेलर कुणाचा, हे उन्हाळ्याआधीच ठरवा. मोठ्या आगीत काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर बहुधा जनावरांची सोय होते. नेणे अगदीच अशक्य झाले तर बांधून ठेवू नका. गवत चरून साफ झालेल्या मोकळ्या कुरणात भरपूर पाणी ठेवून सोडा, आणि नायलॉनची दावी काढून टाका.

घराचे थोडक्यात. निरांजन, समई, उदबत्ती विझवा. दारे-खिडक्या लावा, पडदे काढा, एसी बंद करा, दिवे चालू ठेवा म्हणजे धुरातही बंबवाल्यांना घर दिसते. नळ किंवा स्प्रिंकलर चालू ठेवून जाऊ नका, त्याने बंबांना पाण्याचा दाब कमी पडतो. घरे पुष्कळदा ज्वाळेने नव्हे, तर वाऱ्याबरोबर मैलभर लांबून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणून भिंतीपासून पाच फुटांत जळेल असे काही नको. आता जरा आपल्या दाराकडे बघा : काथ्याचे पायपुसणे, गणपतीपासून वाळत असलेले आंब्याच्या पानांचे तोरण, कागदी आकाशकंदील. कंदील लावा हो, दिवाळी आहे! पण रेड फ्लॅगचा दिवस असेल तर आत घ्या.

गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, इलेक्ट्रिक असेल तर रात्री चार्जिंगला लावा, आणि गाडीचे तोंड रस्त्याकडे ठेवा.

या शनिवारी घड्याळ लावून एकदा निघून बघा. आईबाबा, मांजर, बॅग, सगळे गाडीत आणि गाडी कोपऱ्यापर्यंत. आमचे गेल्या खेपेला अकरा मिनिटांत झाले. त्यातली चार आईने देवघरातला बाळकृष्ण रुमालात गुंडाळण्यात घालवली. ती चार आम्ही आता हिशेबातच धरली आहेत.